मागे पडण्याची भीती: कोयत्यापासून स्कॅनरपर्यंत



आजचा लेख अशा एका त्रासावर आहे, जो पेशंट सहसा त्रास म्हणून सांगतच नाहीत. सांगतात ते वेगळंच: ॲसिडिटी, छातीत धडधड, रात्री झोप नाही, पाठ धरलीय. बरंच बोलणं झाल्यावर, उठता उठता खरी गोष्ट बाहेर येते. "साहेब, कामात मागं पडलो तर काढून टाकतील."

मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं नेकनूर. आठवडी बाजाराच्या दिवशी ओपीडीत आसपासच्या वस्त्या-तांड्यांवरची गर्दी असते. दिवाळीच्या आधीची गोष्ट आहे. ऊसतोडीला जाणारे ट्रक भरायला अजून पंधरा-वीस दिवस होते. एक बाई आपल्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलाला घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा चाकणच्या बाजूला एका मोठ्या गोदामात पिकर आहे. ऑनलाइन मागवलेल्या वस्तू रॅकवरून काढून द्यायचं काम. वजन सहा किलोने उतरलेलं, नाडी जलद, लघवीला जळजळ.

मी विचारलं, "दिवसात पाणी किती पितोस?"

"शिफ्टमध्ये पीत नाही साहेब. प्यायलं की जावं लागतं. बाथरूम लांब आहे, यायला-जायला दहा मिनिटं जातात. तेवढ्यात रेट पडतो."

रेट म्हणजे तासाला किती वस्तू उचलल्या त्याचा आकडा. हातातल्या स्कॅनरवर तो सारखा दिसतो. एक-दोनदा कमी पडला की टीम लीडर बोलावतो. पुन्हा पडला की एजन्सीला फोन जातो आणि दुसऱ्या दिवशी गेटवर आयडी चालत नाही. कुणी "काढलं" असं म्हणतसुद्धा नाही.

आई इतका वेळ गप्प ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजी तुमच्यात बी खाडाच हाय की रे."

त्या बाईने एका वाक्यात जे ओळखलं, तेच या लेखात सविस्तर सांगायचं आहे. ही भीती तुमच्या एकट्याची नाही, आजची नाही आणि तुमच्या कमकुवतपणाची खूणही नाही. तिला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: माणूस काम करताना थोडा थांबला, तर त्या थांबण्याची किंमत कुणी मोजायची?

खाडा म्हणजे काय

बीड जिल्ह्यातल्या वाचकांना हे सांगायची गरज नाही, पण बाहेरच्यांसाठी थोडक्यात. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. हंगाम पाच-सहा महिन्यांचा. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादम आधीच 'उचल' देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. ती हंगामभर तोडलेल्या टनांतून फेडायची. हिशोब टनावर, म्हणून जितका वेग तितकी फेड. आजारपणामुळे एखादा दिवस कामावर गेलं नाही, तर त्या दिवसाची कमाई बुडतेच, वर दंडही लागतो. हाच खाडा. बरेच ठिकाणी तो पाचशे रुपयांच्या घरात असल्याचं २०१९ च्या बातम्यांमध्ये आलं होतं.

आता या हिशोबात बाईचं शरीर बसवून पाहा. पहाटे उठून भाकरी थापायच्या, फडात जायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर उचलून गाडीत भरायच्या. पाळी आली तरी तेच. संडास नाही, धुवायला पाणी नाही, कपडा बदलायला आडोसा नाही. मग अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, जास्त रक्तस्राव हे त्रास सुरू होतात. त्यातले बरेचसे औषधांनी बरे होतात. पण औषध म्हणजे पुन्हा पुन्हा दवाखाना, आणि दवाखाना म्हणजे खाडा. अशा वेळी कुणीतरी सांगतं, "पिशवी काढून टाक, एकदाच मोकळी होशील."

२०१९ साली ही गोष्ट राज्यभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहा जणींमागे एक. त्याच दशकातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ३ टक्के होतं. दोन्ही पाहण्यांतले वयोगट तंतोतंत सारखे नाहीत, तरी फरक किती मोठा आहे ते दिसतं.

यात आमच्या व्यवसायाचा दोष मोठा आहे, हे डॉक्टर म्हणून कबूल केलं पाहिजे. "कॅन्सर होईल" अशी भीती घालून, साध्या जंतुसंसर्गासाठी पिशव्या काढल्या गेल्या. कमी वयात पिशवीबरोबर अंडाशयही काढलं, तर पाळी एकदम जाते. अंगातून वाफा येतात, हाडं ठिसूळ होतात, पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो. त्या बाईंना आम्ही कामासाठी मोकळं केलं नाही, आयुष्यभराचं दुखणं दिलं. पुढे बीडमध्ये खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनआधी सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी घेणं बंधनकारक झालं, तेव्हा कुठे त्याला आळा बसू लागला.

माझ्यासमोर बसलेल्या बाईचं पिशवीचं ऑपरेशन तिशी उलटायच्या आत झालं होतं. खाडा पडू नये म्हणून आईने पिशवी काढली. रेट पडू नये म्हणून मुलाने पाणी सोडलं. दोघांनीही थांबण्याची किंमत आपल्याच शरीरातून दिली.

गिरणीतला भोंगा आणि लोखंड्यांचा अर्ज

घड्याळावर चालणारं काम महाराष्ट्रात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आलं ते मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये. कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिल्या गिरणीची कंपनी काढली. पुढच्या तीस वर्षांत गिरणगाव उभं राहिलं. शेतावरचा माणूस ऊन पाहून काम करायचा, दमला की बांधावर बसायचा. गिरणीत तो भोंग्यावर आला. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही.

या कामगारांच्या वतीने उभे राहिले नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु' पत्राचे संपादक आणि स्वतः गिरणीत नोकरी केलेला माणूस. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे मागण्यांचा अर्ज ठेवला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या अगदी साध्या होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू आणि सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. आणि पाचवी: कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचं अपंगत्व आलं तर उदरनिर्वाहाची सोय.

डॉक्टर म्हणून मला ही पाचवी मागणी फार महत्त्वाची वाटते. आजारी किंवा जखमी माणूस काम करू शकत नाही, हा त्याचा गुन्हा नाही आणि त्या काळाचा खर्च त्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकू नये, हे आपल्याकडे इतक्या स्पष्टपणे तेव्हा मांडलं गेलं.

१० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. आज आपण शाळेला, बँकेला गृहीत धरतो तो रविवार असा आला. १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची विश्रांती आली. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना लोखंडे स्वतः त्याच साथीत गेले. अपघाताच्या भरपाईचा कायदा यायला १९२३ साल उजाडलं. पाचव्या मागणीला एकोणचाळीस वर्षं लागली.

स्टॉपवॉच आलं कुठून

गिरणीच्या भोंग्याने कामाचे तास ठरवले. पण तासाला किती काम, हा आकडा कुठून आला? त्यासाठी थोडं अमेरिकेत जावं लागेल.

फ्रेडरिक टेलर नावाचा एक अभियंता होता. कामगाराच्या प्रत्येक हालचालीला किती सेकंद लागतात हे तो स्टॉपवॉच लावून मोजायचा. १८९९ च्या सुमारास बेथलेहेम पोलाद कारखान्यात लोखंडाच्या लाद्या रेल्वेच्या डब्यात भरण्याचं काम त्याने मोजलं. एकेक लादी सुमारे ४२ किलोची. माणूस दिवसाला सरासरी साडेबारा टन भरायचा. टेलरने हिशोब मांडला की चांगला माणूस साडेसत्तेचाळीस टन भरू शकतो, आणि तेच टार्गेट ठरवलं. १९११ साली त्याचं पुस्तक आलं आणि ही पद्धत जगभर गेली. आजच्या स्कॅनरवरचा रेट हा त्याच स्टॉपवॉचचा नातू आहे.

पण टेलरच्याच लिखाणातल्या दोन गोष्टी सोयीस्करपणे मागे पडल्या. पहिली: इतकं वजन उचलणाऱ्या माणसाच्या हातात दिवसातला फक्त ४३ टक्के वेळ वजन असावं, बाकी वेळ तो मोकळा हवा, असं त्याने स्वतः लिहिलं होतं. विश्रांतीशिवाय तो आकडा गाठता येतच नाही. दुसरी: तो वेग झेपेल असा माणूस आठांतून एकच निघतो, हेही त्याने नोंदवलं होतं.

हे नीट समजून घ्या. आठांतल्या एकाला जमणारा आकडा सगळ्यांना लावला, तर उरलेले सात जण आळशी ठरतात. खरं तर ते सामान्य, निरोगी माणसं असतात. तुमच्या रक्तातल्या साखरेची जशी सामान्य पातळी असते, तशी शरीराच्या कामाच्या वेगालाही असते. सर्वात वेगवान माणसाचा आकडा हा सामान्य आकडा नसतो.

कामगारांनी याला विरोध केला. १९१५ साली अमेरिकी संसदेने सरकारी शस्त्र कारखान्यांत स्टॉपवॉचने काम मोजण्यासाठी पैसे देणं बंद केलं. ती बंदी १९४९ पर्यंत टिकली.

मुंबईत हाच वाद १९२८ साली पेटला. दोन मागांवर काम करणाऱ्या विणकराने तीन माग सांभाळावेत, कताईवाल्याने एकाऐवजी दोन बाजू पाहाव्यात, अशी मालकांची योजना होती. म्हणजे उरलेल्याला दुप्पट धावपळ आणि शेजारच्याला घरचा रस्ता. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. "मागे पडलो तर काढतील" ही भीती तेव्हा दीड लाख माणसांनी एकत्र बोलून दाखवली.

या सगळ्या झगड्यांतून १९४८ चा कारखाने कायदा आला. दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. आणि त्यात पिण्याच्या पाण्यासाठी एक कलम, संडास-मुतारीसाठी दुसरं कलम. पाणी पिणं आणि लघवीला जाणं हे कायद्यात लिहावं लागलं, कारण ते नाकारलं जात होतं.

गोदामातला हमाल

गोदामाचं काम आपल्याकडे नवीन नाही. पिकर, पॅकर हे शब्द नवे. माथाडी आणि हमाल जुने. पूर्वी धान्याचं पोतं शंभर किलोचं असायचं. ते पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, आणि तेही तोळीवाल्याने बोलावलं तरच काम.

पुण्यात नाना पेठेत दवाखाना चालवणारे एक डॉक्टर या हमालांकडे वळले. डॉ. बाबा आढाव. त्यांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी केली. पोत्याचं वजन कमी करा, ही त्यांच्या आंदोलनातली एक मोठी मागणी होती. आज धान्याचं पोतं पन्नास किलोचं आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनेही १९६७ साली एका प्रौढ पुरुषाने उचलायचं वजन ५५ किलोच्या वर असू नये अशी शिफारस केली. एखाद्या हमालाच्या मणक्याला मी औषध देऊ शकतो. पण पोतं हलकं झालं, तेव्हा हजारो मणके आजारी पडायचेच वाचले. याला आम्ही प्रतिबंधक उपचार म्हणतो.

मुंबईत स्वतः माथाडी काम केलेल्या अण्णासाहेब पाटील यांनी चळवळ उभारली आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. कामगाराची नोंद मंडळात, मजुरी मंडळामार्फत, त्यात भविष्य निर्वाह निधी, रजा, दवाखाना यांची सोय. मालक रोज बदलला तरी कामगाराचं आजारपण कुणाच्या तरी हिशोबात धरलं गेलं.

आज मात्र चित्र पुन्हा बदललंय. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर असल्यामुळे भिवंडीत गोदामं वाढली. पुण्याजवळ चाकणला वाढली. तिथला तरुण बहुतेकदा एजन्सीमार्फत घेतलेला असतो. त्याला मुकादम दिसत नाही, फक्त आकडा दिसतो. २०२४ साली हरियाणातल्या मानेसर इथल्या ॲमेझॉनच्या गोदामातली बातमी तुम्ही वाचली असेल. सहा ट्रक रिकामे होईपर्यंत पाणी प्यायला किंवा बाथरूमला जाणार नाही, अशी शपथ कामगारांकडून घेतल्याचं त्यात आलं होतं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने त्याची स्वतःहून दखल घेतली. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने तर १ जानेवारी २०२२ पासून कायदाच लागू केला: गोदामातलं टार्गेट कामगाराला लेखी सांगायचं, आणि जेवण, विश्रांती किंवा बाथरूम टाळावं लागेल असं टार्गेट पूर्ण झालं नाही म्हणून त्याला काढायचं नाही.

भीती शरीरात काय करते

उसाच्या फडात अचानक साप दिसला तर काय होतं? हृदय धडधडतं, तोंड कोरडं पडतं, हातपाय ताठतात. ॲड्रिनॅलिन नावाचं संप्रेरक रक्तात येतं आणि शरीर पळायला तयार होतं. साप गेला की पाच-दहा मिनिटांत सगळं ओसरतं. ही रचना चांगली आहे, ती आपल्याला वाचवते.

वॉल्टर कॅनन या शास्त्रज्ञाने क्ष-किरणांखाली मांजराचं पोट पाहिलं. मांजर घाबरलं की पोटाची हालचाल थांबायची. जीव वाचवायच्या वेळी शरीर पचन बाजूला ठेवतं. १९३६ साली हान्स सेल्ये यांनी दाखवलं की उंदरांवर सतत ताण राहिला, तर त्यांच्या पोटात व्रण होतात आणि प्रतिकारशक्तीशी संबंधित ग्रंथी आकसतात.

आता स्कॅनरचा विचार करा. हा साप दहा तास समोरून हलतच नाही. शिफ्ट संपली तरी उद्याच्या रेटच्या रूपाने उशाशी येतो. कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक मग सतत वाढलेलं राहू शकतं. त्यातून झोप मोडते, बीपी आणि साखर वाढू लागते, पोट बिघडतं, चिडचिड होते. म्हणून त्या मुलाला नुसती ॲसिडिटीची गोळी देऊन भागणार नव्हतं.

नोकरी प्रत्यक्ष जाण्याची वाटही शरीर पाहत नाही. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर १९८५ पासून 'व्हाइटहॉल दोन' नावाचा मोठा अभ्यास चालू आहे. त्या काळात एका खात्याचं खासगीकरण होणार असं ठरलं. कुणाचीही नोकरी अजून गेली नव्हती, फक्त चाहूल लागली होती. तरी त्या खात्यातल्या लोकांची तब्येत इतरांपेक्षा बिघडू लागली. भीती ही सुद्धा आजाराचं कारण आहे, याचा हा पुरावा.

आणि भीतीपोटी जास्त तास काम केलं तर? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या अहवालानुसार आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त असतो.

तुम्ही काय करू शकता

नोकरी सोडा, असं मी सांगणार नाही. घरी उचल फिटायची असते, बहिणीचं लग्न असतं, मला माहीत आहे. पण या गोष्टी जरूर करा.

पाणी बंद करू नका. एकदम लिटरभर पिण्यापेक्षा दर तासाला चार-पाच घोट घ्या. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय. लघवी तासन्‌तास दाबून ठेवल्याने जंतुसंसर्ग होतो, आणि पाणी कमी पडल्याने मूतखडा.

दुखण्याची गोळी रोज घेऊ नका. विशेषतः उपाशीपोटी आणि पाणी न पिता. त्याने पोटात व्रण होतात आणि किडनीला इजा होऊ शकते. भूक मारायला गुटखा-तंबाखू नको, हे वेगळं सांगायला नको.

डॉक्टरकडे जाताना आपलं काम सांगा. शिफ्ट किती वाजता, किती तास उभं राहणं, किती वजन, सुट्टी कधी, टार्गेट किती. हे कळलं नाही तर आम्ही फक्त लक्षणाला औषध देतो. वर्षातून एकदा बीपी आणि साखर तपासा, वय कमी असलं तरी.

कागद जपा. पगाराची स्लिप, एजन्सीचं नाव, ईएसआय नंबर. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार ईएसआय योजनेत येतात. ठरावीक काळ वर्गणी भरली गेली असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. लोखंड्यांच्या पाचव्या मागणीचंच हे वाढलेलं रूप आहे. अनेक मुलांच्या पगारातून वर्गणी कापली जाते आणि त्यांना दवाखाना कुठला हेही ठाऊक नसतं.

टार्गेट काय आहे आणि ते कसं ठरतं, हे विचारा. एकट्याने विचारायची भीती वाटत असेल तर चौघांनी मिळून विचारा. १८८४ चा अर्ज एका माणसाच्या सहीवर गेला नव्हता.

बायांनो, पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर आधी सरकारी दवाखान्यात दुसरं मत घ्या. सोनोग्राफी आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी झाल्याशिवाय होकार देऊ नका.

छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, लघवीतून रक्त, तापासोबत कंबरेत कळ, यापैकी काही झालं तर त्या दिवशी कामावर जाऊ नका, दवाखाना गाठा. जगण्याचाच कंटाळा आलाय, जीव द्यावासा वाटतोय असे विचार येत असतील, तर ते मनात ठेवू नका. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं. जवळच्या माणसालाही लगेच सांगा.

त्या मुलाच्या लघवीत जंतुसंसर्ग निघाला. औषध दिलं, चार दिवसांची विश्रांती लिहून दिली. त्याने कागदाकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, दोनच दिवस लिहा ना."

मी काही बोलायच्या आत आईने तो कागद त्याच्या हातातून घेतला, घडी घालून कनवटीला खोचला. म्हणाली, "चारच ऱ्हाऊ द्या डॉक्टर. म्या बी तवा आसंच म्हनले व्हते."

काळजी घ्या.

(हा लेख माहितीसाठी आहे. औषधोपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावेत.)